आदिवासी समाजांच्या स्वतःच्या मूल्यमापन पद्धती: खाली कोणता विचार आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) शेवटच्या वर्षाला नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवर चालणाऱ्या एका पोषण प्रोजेक्टचं मूल्यमापन करायचंय, गाईडनी 'इंडिजिनस इव्हॅल्युएशन', म्हणजे मूळ समाजांच्या स्वतःच्या मूल्यमापन पद्धतींबद्दल, वाचायला सांगितलं, वाचलं तर सगळीकडे गोष्टी ऐका, वर्तुळात बसा, वडीलधाऱ्यांना विचारा एवढंच सापडलं, तर हे आपल्या पीआरएपेक्षा (गावकऱ्यांकडूनच नकाशे काढून, क्रम लावून घेऊन गावाची माहिती काढायची पद्धत) आणि सहभागी मूल्यमापनापेक्षा वेगळं कसं, आणि याच्या मुळाशी खरंच काही तत्त्वज्ञान आहे का नुसतं नवं लेबल आहे.

तत्त्वज्ञान आहे, आणि नीट विचार करून मांडलेलं आहे, फक्त ते ट्रेनिंगच्या मॉड्युलांमध्ये येत नाही कारण तिथे सगळ्यांना तंत्र हवं असतं. मी बरीच वर्षं आदिवासी भागातल्या प्रोजेक्टांची मूल्यमापनं करतोय आणि माझं ठाम मत झालंय की या सगळ्या विचाराचा गाभा एकाच प्रश्नात आहे: मूल्यमापन करणारा माणूस कुणाला बांधील आहे? ज्यानं पैसे दिले त्यालाच, असं उत्तर असेल तर तुम्ही कितीही वर्तुळात बसा, काही फरक पडत नाही. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

आधी आपण नेहमी जे करतो ते बघू, कारण त्याच्याही खाली एक तत्त्वज्ञान आहे, ते इतकं अंगवळणी पडलंय की दिसत नाही. लॉगफ्रेम घ्या, म्हणजे प्रोजेक्टची आखणी आणि मोजमाप एका तक्त्यात मांडायची पद्धत. ती १९६९ मध्ये यूएसएड या अमेरिकन सरकारी संस्थेसाठी तयार झाली. इनपुट टाकला की आउटपुट, आउटपुटमधून उद्देश, उद्देशातून ध्येय, आणि प्रत्येकासमोर मोजायचा इंडिकेटर. मग १९९१ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास सहाय्य समितीनं प्रस्तुतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, शाश्वतता असे पाच निकष दिले, २०१९ मध्ये सुसंगतता जोडून सहा केले. मी स्वतः हे वापरतो, वाईट नाहीत. पण यात काय धरून चाललंय बघा: जग सुट्या सुट्या गोष्टींचं बनलंय, एक गोष्ट दुसरीवर परिणाम करते, तो परिणाम बाहेर उभं राहून मोजता येतो, जितकं लांब उभं राहाल तितकं मोजमाप खरं, काळ म्हणजे प्रोजेक्टची तीन किंवा पाच वर्षं, आणि 'चांगलं' काय ते प्रपोजल मंजूर झालं तेव्हाच ठरलंय. यातलं प्रत्येक वाक्य ही तत्त्वज्ञानातली एक भूमिका आहे, तो काही निसर्गनियम नाही. न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका इथल्या मूळ समाजांतल्या अभ्यासकांनी या प्रत्येक वाक्यापुढे स्वतःचं वाक्य ठेवलंय.

पहिलं, जग कशाचं बनलंय. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या विचाराच्या पायाशी व्हाकापापा आहे, वंशावळ म्हणा, पण तिच्यात फक्त माणसं नसतात, डोंगर, नद्या, झाडं, पूर्वज सगळे एका नात्यात येतात. रीतीप्रमाणे ओळख करून देताना माओरी माणूस आधी आपला डोंगर सांगतो, आपली नदी सांगतो, आपली जमात सांगतो, स्वतःचं नाव शेवटी. व्हांगानुई नदीकाठचे लोक म्हणतात मी नदी आहे आणि नदी मी आहे, आणि हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही, पिढ्यानपिढ्या त्यासाठी सरकारशी भांडले आणि २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेला कायदा करून त्या नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा द्यावा लागला. कॅनडातले क्री समाजाचे अभ्यासक शॉन विल्सन यांनी २००८ च्या पुस्तकात हेच संशोधनाला लावलं, माणसाला नाती असतात असं ते म्हणत नाहीत, माणूस म्हणजेच ती नाती असं म्हणतात. बोट्स्वानाच्या अभ्यासक बगेले चिलिसा उबुंटू या आफ्रिकी विचाराच्या बाजूनं याच जागी येतात, माणूस इतर माणसांमुळे माणूस असतो, आणि आफ्रिकेतल्या मूल्यमापनाची मुळं आफ्रिकेतच असायला हवीत हा आग्रह त्यांनी याच पायावर धरलाय.

आता हे ऐकायला छान वाटतं आणि इथेच बहुतेक जण थांबतात. मूल्यमापनात याचा अर्थ काय? अर्थ असा की मोजायचं एकक बदलतं. तुमच्या पोषण प्रोजेक्टमध्ये आपण मूल मोजतो, वजन, उंची, दंडाचा घेर. यात काही चूक नाही, मूल कुपोषित असेल तर ते कळायलाच हवं. पण नात्यांच्या जगात मुलाचं पोषण मुलाच्या अंगात संपत नाही. ते आईच्या दिवसभराच्या कामाशी जोडलेलं असतं, दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या घराशी, पावसाळ्यातल्या रानभाज्यांशी, कणगीत उरलेल्या बियाण्याशी, मूल सांभाळणाऱ्या आजीशी. प्रोजेक्टनं पाकिटातलं पीठ आणून वजन वाढवलं आणि त्याच वेळी आजीला काही कळत नाही, रानातलं खाणं मागासलेलं असं पाड्यात पसरवलं, तर एक नातं तुटलं. आपल्या रिपोर्टात वजन दिसेल, तुटलेलं नातं लिहायला आपल्याकडे कॉलमच नाही. तिथल्या माणसाच्या हिशोबात मात्र ते नुकसान पहिल्या ओळीत येऊ शकतं.

न्यूझीलंडमध्ये हा एककाचा मुद्दा सरकारी धोरणापर्यंत गेला. २०१० मध्ये व्हानाउ ओरा नावाचा कार्यक्रम सुरू झाला, माओरी अभ्यासक मेसन ड्युरी यांच्या अध्यक्षतेखालच्या गटानं त्याची मांडणी केली होती. व्हानाउ म्हणजे विस्तारित कुटुंब. कल्पना अशी की आरोग्य खातं एकीकडून, शिक्षण खातं दुसरीकडून, घरबांधणी तिसरीकडून एकाच घरात शिरतात आणि घरातल्या एकेका माणसावर काम करतात, त्याऐवजी कुटुंबानं आपली ध्येयं स्वतः ठरवायची आणि एक मार्गदर्शक त्यांच्यासोबत राहायचा. म्हणजे यश काय हे कुटुंबागणिक बदलणार. मूल्यमापनाच्या दृष्टीनं हे प्रचंड अवघड आहे, त्यावर पुढे येतो.

दुसरं, आपल्याला जे कळतं ते कसं कळतं आणि त्यावर विश्वास का ठेवायचा. मला स्वतःला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण शिकलो की लांब राहणं म्हणजे निष्पक्ष असणं, प्रोजेक्टशी संबंध नसलेला माणूस बाहेरून येणार, सॅम्पल काढणार, एन्युमरेटरकडून, म्हणजे माहिती गोळा करायला नेमलेल्या माणसाकडून, फॉर्म भरून घेणार आणि निघून जाणार, त्याचं कुणाशी काही देणंघेणं नाही म्हणून तो खरं लिहील. माओरी पद्धतीत हे जवळजवळ उलटं आहे. माओरी अभ्यासक लिंडा तुहिवाई स्मिथ यांच्या १९९९ च्या पुस्तकात संशोधकानं कसं वागावं याची सात सूत्रं दिलीत, माणसांचा आदर ठेवा, तोंड दाखवा म्हणजे प्रत्यक्ष येत-जात राहा, आधी बघा, ऐका, मग बोला, जे आहे ते वाटून घ्या आणि पाहुणचार करा, सावध राहा, कुणाची प्रतिष्ठा तुडवू नका, आपल्या ज्ञानाचा तोरा मिरवू नका. वाचताना हे नुसते शिष्टाचार वाटतात. माझ्या मते ही सातही सूत्रं खरेपणाची कसोटी आहेत. ज्याचा चेहरा लोकांना माहीत आहे, ज्याला उद्या परत त्याच अंगणात जायचंय, ज्याची आई-मावशी लोकांना ठाऊक आहे, त्याला खोटं लिहिणं महाग पडतं. आणि लोकही त्यालाच खरं सांगतात. एन्युमरेटरला पाड्यावर काय उत्तरं मिळतात हे फील्डवर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, 'हो, अंगणवाडीत आहार मिळतो', 'हो, ताई येतात', कारण हा माणूस कोण, कुणाचा, नाव कापणार का, काहीच माहीत नसतं. लांबून आलेली माहिती निष्पक्ष असते असं नाही, बऱ्याचदा ती फक्त पोकळ असते.

यावर आक्षेप येतोच की जवळचा माणूस पक्षपाती होईल. होऊ शकतो. पण ज्या कन्सल्टंटला पुढचं काम त्याच फंडरकडून हवंय त्याच्या झुकावाला आपण कधी पक्षपात म्हणत नाही, तिथे आपण 'स्वतंत्र मूल्यमापन' असा शिक्का मारतो. विल्सन ज्याला नात्यांचं उत्तरदायित्व म्हणतात त्यात झुकाव लपवत नाहीत, उघड करतात: माझी नाती ही आहेत, मी यांना उत्तर देणार आहे, आता माझं म्हणणं तपासा.

ज्ञानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, प्रत्येक ज्ञान सगळ्यांसाठी खुलं नसतं. काही गोष्टी ठरावीक लोकांनी, ठरावीक ऋतूत, ठरावीक जागीच सांगायच्या असतात. आपल्याला एफजीडीचं (गटचर्चेचं) रेकॉर्डिंग मिळालं की ते आपलं झालं असं वाटतं. अमेरिकेत ग्रँड कॅनियनमध्ये राहणाऱ्या हावासुपाई लोकांनी १९९० च्या दशकात अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं, पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, नात्यातले विवाह, पूर्वजांचं स्थलांतर अशा विषयांसाठी वापरले गेले, आणि स्थलांतराचं संशोधन तर त्यांच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेलाच खोटं ठरवणारं. २०१० मध्ये विद्यापीठानं तडजोड केली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले. हे संशोधनाचं उदाहरण आहे, मूल्यमापनाचं नाही, पण डेटा कुणाचा हा प्रश्न दोन्हीकडे एकच. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स म्हणवणाऱ्या मूळ समाजांनी १९९८ मध्येच चार तत्त्वं ठरवली होती, आमच्याबद्दलच्या माहितीची मालकी आमची, नियंत्रण आमचं, ती बघायचा हक्क आमचा आणि ती ठेवायची आमच्याकडे. आपल्याकडे एन्डलाइनचा (प्रोजेक्ट संपतानाच्या पाहणीचा) डेटा एजन्सीच्या सर्व्हरवर जातो आणि ज्या गावानं दिला त्या गावाकडे एक कागदही राहत नाही, यावर अजून कुणाला फारसं वावगं वाटत नाही.

काळाबद्दल फार लांबवत नाही. माओरी म्हण आहे की भविष्याकडे चालताना तोंड भूतकाळाकडे असतं, कारण भूतकाळच दिसतो. म्हणजे 'बेसलाइन', तुलनेसाठी धरायची सुरुवातीची स्थिती, प्रोजेक्टच्या पहिल्या महिन्यात सुरू होत नाही, ती जमीन गेली तेव्हा, जंगल बंद झालं तेव्हा, शाळेत आपल्या भाषेवरून मार बसला तेव्हा सुरू होते. तुमच्या भागात सातपुड्यातलं जंगल इंग्रजांच्या काळात राखीव झालं त्याचा आजच्या ताटाशी संबंध आहे, त्यामुळे नुसता प्रोजेक्टच्या वर्षांचा आलेख काढून काही सिद्ध होणार नाही.

तिसरं म्हणजे चांगलं काय हे कोण ठरवणार. इथे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण कोहांगा रेओ. माओरी भाषा मरायला टेकली होती, घरात मुलांशी बोलणारे तरुण आईबाप उरले नव्हते, म्हणून १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वायनुइओमाताला पहिलं कोहांगा रेओ, म्हणजे 'भाषेचं घरटं', सुरू झालं, आजी-आजोबा लहान मुलांशी फक्त माओरीत बोलणार, आईबापही तिथेच शिकणार, सगळं कुटुंबानं चालवायचं. १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली त्यामागे या चळवळीचंही बळ होतं. नंतर सरकारनं या केंद्रांना बालशिक्षणाच्या सर्वसाधारण चौकटीत घेतलं, आणि तिथून प्रश्न सुरू झाला. पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या निकषांवर बघितलं तर प्रशिक्षित शिक्षक किती, कागदपत्रं पुरी आहेत का. आजीकडे डिप्लोमा नसतो. पण ती भाषा तिच्याच जिभेवर आहे, तीच नसेल तर केंद्र कशासाठी? शेवटी हे वायतांगी लवादापुढे गेलं, १८४० च्या वायतांगी कराराचा भंग झाला का हे तपासणारा हा लवाद, आणि २०१२ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की निधीचं सूत्र, गुणवत्तेची मोजमापं आणि नियमांची चौकट यांत कोहांगा रेओच्या खास गरजा सरकारनं नीट जपल्या नाहीत. मूल्यमापनाच्या निकषांवर सरकारला जाब द्यावा लागला! निकष म्हणजे निरुपद्रवी टेक्निकल गोष्ट समजणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण वाचावं, चुकीचा निकष चांगली गोष्ट मारू शकतो.

अमेरिकेत आदिवासी कॉलेजांच्या महासंघानं, जो १९७३ पासून आहे, २००९ मध्ये स्वतःची मूल्यमापनाची चौकट छापली, जोन लाफ्रान्स आणि रिचर्ड निकोल्स यांचं काम. त्यांनी सुरुवात निकषांपासून केलीच नाही, मूल्यांपासून केली: आपण एका जागेचे लोक आहोत, प्रत्येकाकडे काही देणगी आहे, कुटुंब आणि समाज यांचा मान, आणि जमातीचं सार्वभौमत्व. देणगीचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक मुलाकडे वेगळी देणगी आहे असं खरोखर मानलं तर मुलांना एका सरासरीशी तुलना करून 'मागे' ठरवणं अवघड होतं, त्या मुलाची वाढ त्या मुलाच्याच वाटेवर बघावी लागते. आणि जागेचा मुद्दा तर सरळ 'स्केल-अप'च्या मुळावर येतो, कारण इथे जे चाललं ते दुसऱ्या खोऱ्यात चालेलच असं हा विचार गृहीत धरत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सहभागी मूल्यमापनापेक्षा वेगळं काय. माओरी मूल्यमापक नॅन वेहिपेइहाना यांनी पाच टप्पे सांगितलेत, मला यापेक्षा स्वच्छ उत्तर मिळालेलं नाही: मूल्यमापन माओरींवर होतं, माओरींसाठी होतं, माओरींसोबत होतं, माओरींकडून होतं, आणि शेवटचा टप्पा, माओरी म्हणून होतं. पीआरए फार तर तिसऱ्यापर्यंत पोचतं. लोक नकाशा काढतात, बियांनी क्रम लावतात, सगळं जमिनीवर रांगोळीसारखं सुंदर दिसतं, पण प्रश्न आपला, वेळ आपला, रिपोर्टाची भाषा आपली, आणि हा प्रोजेक्ट मुळात नको होता असं लोकांनी म्हटलं तर ते लिहायला जागा नाही. चौथ्या टप्प्यात आदिवासी मूल्यमापक असतो पण चौकट जुनीच असू शकते, आदिवासी तरुणाला टॅब देऊन आपला फॉर्म भरायला पाठवणं हे त्यात मोडतं. पाचव्या टप्प्यात काय विचारायचं, कुणाला, कोणत्या क्रमानं, काय पुरावा मानायचा, कधी थांबायचं हे सगळं त्यांच्या स्वतःच्या विचारातून येतं आणि अधिकारही त्यांचाच असतो. म्हणजे हा फरक प्रेमळपणाचा नाही, सत्तेचा आहे. ग्रॅहम हिंगांगारोआ स्मिथ यांनी काउपापा माओरीची, म्हणजे माओरी तत्त्वांवर उभ्या असलेल्या पद्धतीची, जी सैद्धांतिक मांडणी केली तिच्या मध्यभागी स्वनिर्णयाचा हक्क आहे, तो काढून घेतला तर उरते फक्त सांस्कृतिक सजावट.

भारतात हे लागू होतं का, असं पुढे विचाराल. मूळनिवासींच्या हक्कांवरच्या २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याला भारतानं पाठिंब्याचं मत दिलं पण भूमिका अशी ठेवली की सगळेच भारतीय इथले मूळनिवासी. आपल्याकडे वायतांगीसारखा करार नाही. पण १९९६ चा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा आहेत आणि दोन्हींत ग्रामसभा आहे, आधार तिथे मिळतो. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून ग्रामसभा भरल्या, डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी का हा प्रश्न, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. डोंगरिया कोंध लोकांसाठी तो डोंगर त्यांच्या देवाचा, नियमराजाचा आहे. मी याला मूल्यमापनच म्हणतो, एका प्रकल्पाचं, सुरू होण्याआधी, लोकांनी स्वतःच्या मूल्यांवर, स्वतःच्या सभेत केलेलं, आणि त्याचा निकाल मानला गेला. असं उदाहरण जगात फार नाही.

आणि आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत असते, पण त्यांची कामाची पद्धत कमी जणांना माहीत असते. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो, आणि निर्णयाच्या सभेपासून वेगळा असा अभ्यास गट असतो, तिथे विषयाची माहिती घ्यायची, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचं, वाद घालायचा, आणि मग ग्रामसभेत गाव ठरवणार. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी बाहेरची माणसं वर्षानुवर्षं त्या अभ्यासात बसली, गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकरी यांच्यासोबत शिकली, पण ठरवायचं गावानं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. जाणकार अभ्यास गटात आणि निर्णय ग्रामसभेत, ही रचना म्हणजे मूल्यमापकाची जागा कुठे याचं तयार उत्तर आहे, त्यासाठी न्यूझीलंडला जायची गरज नाही. याला कुणी 'इंडिजिनस इव्हॅल्युएशन' म्हटलं नाही म्हणून ते आपल्या वाचनयादीत येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता शंका, कारण त्या खऱ्या आहेत आणि लपवू नयेत. व्हानाउ ओराबद्दल न्यूझीलंडच्या महालेखापरीक्षकांचा २०१५ चा अहवाल आहे, पहिल्या चार वर्षांवरचा. अनेक कुटुंबांना फायदा झाला हे त्यात मान्य केलंय, पण कार्यक्रमाचं उद्दिष्ट नेमकं काय हे वेगवेगळ्या सरकारी विभागांकडून सुसंगतपणे कळलं नाही, आणि खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा प्रशासनावर गेला, त्यात संशोधन आणि मूल्यमापनही आलं, असंही म्हटलंय. कुटुंबागणिक यश वेगळं म्हटलं की एकत्र बेरीज कशी करायची आणि संसदेला काय सांगायचं हा प्रश्न सुटत नाही. काही जण म्हणतात बेरीज करूच नका. मला ते पटत नाही, पैसा सार्वजनिक आहे, हिशोब द्यायलाच हवा. मात्र हिशोब दोन दिशांनी द्यायचा, वर आणि खाली, आणि खालचा आधी.

दुसरी शंका, समाज म्हणजे एकसंध काही नसतो. 'वडीलधाऱ्यांना विचारा' म्हणताना कुठले वडीलधारे? पाड्यात कारभारी, पोलीस पाटील, सरपंच हे पटकन भेटतात, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाया भेटत नाहीत, दुसऱ्या गावाहून येऊन राहिलेलं घर भेटत नाही, डाकीण ठरवली गेलेली बाई तर नाहीच नाही. परंपरेतही अन्याय असतो हे म्हणायला घाबरू नका. माओरी स्त्रियांनीच स्वतःच्या चळवळीत बायकांच्या बाजूनं वेगळी मांडणी उभी केली, मना वाहिने म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना माओरी विचार सोडावा लागला नाही. टीका आतून होऊ शकते, तुमचं काम आतून टीका करणाऱ्यांना शोधणं आणि त्यांना सुरक्षित ठेवणं.

तिसरं, आकडे म्हणजे पाश्चात्त्य आणि गोष्टी म्हणजे आदिवासी, ही वाटणी डोक्यातून काढून टाका. काउपापा माओरीत सर्व्हे करतात, सांख्यिकी करतात, प्रश्न फक्त कुणाच्या ताब्यात एवढाच आहे. जुळवणीसाठी कॅनडातले मिगमाव समाजाचे वडीलधारे अल्बर्ट मार्शल यांनी २००४ मध्ये दोन डोळ्यांनी बघणं हे तत्त्व मांडलं, एका डोळ्यानं आपल्या ज्ञानाची ताकद, दुसऱ्यानं पाश्चात्त्य विज्ञानाची, आणि दोन्ही मिळून सगळ्यांच्या भल्यासाठी. न्यूझीलंडमध्ये अँगस मॅकफार्लेन यांचं विणलेल्या प्रवाहांच्या नदीचं मॉडेल आहे, प्रवाह वेगळे वाहतात, मध्येच मिळतात, परत वेगळे होतात, एकानं दुसऱ्याला गिळायचं नाही. यात मला मार्शल जास्त जवळचे वाटतात कारण ते शेवटी वापर कशासाठी हे विचारतात.

तर तुमच्या कामापुरतं. मुलांचं वजन-उंची घ्या, पण तो एक डोळा समजा. प्रश्नावली कॉलेजात पक्की करू नका, 'मूल नीट वाढतंय हे तुम्हाला कशावरून कळतं' एवढाच प्रश्न घेऊन आधी नुसते जाऊन बसा, पावरीत, भिलीत, मावचीत, जी त्या पाड्याची भाषा असेल तिच्यात, दुभाषी लागला तर तो पाड्यानं निवडलेला, आणि त्यातून जे निघेल त्यावरून इंडिकेटर लोकांकडून ठरवून घ्या. लोक काय म्हणतील ते मी इथून सांगणार नाही, तो अंदाज बांधणंच चूक. ग्रामसभेची परवानगी प्रोजेक्ट ऑफिसच्या पत्राच्या आधी घ्या, आणि नाही म्हटलं तर दुसरं गाव शोधा, नकार हाही तुमच्या प्रबंधातला निष्कर्ष म्हणून लिहा. डेटाची एक प्रत, नावं काढून, ग्रामसभेकडे. निष्कर्ष आधी पाड्यात वाचून दाखवा, लोकांनी जे नाकारलं तेही त्यांच्या कारणासकट लिहा, मग गाईडकडे. डिसेंबरात जाऊ नका, निम्मा पाडा मजुरीला गेलेला असतो आणि ज्यांच्या मुलांबद्दल तुम्ही लिहिणार ते तिथे नसतील.

आणि शीर्षकात 'इंडिजिनस मूल्यमापन' लिहू नका. तुम्ही त्या समाजातले नसाल तर वेहिपेइहानांच्या पाच टप्प्यांत तुम्ही जास्तीत जास्त तिसऱ्यावर आहात, 'सोबत', आणि तेवढं प्रामाणिकपणे केलं तरी एमएसडब्ल्यूच्या प्रबंधाला भरपूर आहे. पद्धतीच्या प्रकरणात हे स्पष्ट लिहा, कुठला निर्णय तुम्ही घेतलात, कुठला प्रोजेक्टवाल्यांनी आणि कुठला पाड्यानं, एक साधा तक्ता करून. परीक्षक त्यावर प्रश्न विचारतील, विचारू देत, त्या तक्त्यावर बोलायला तुमच्याकडे सगळ्यात जास्त असेल.